वायतुऱ्याचा उन्हाळा

कासच्या पठारावर, ऑगस्टच्या धुक्यात, गुडघाभरही खोल नसलेल्या एका डबक्याच्या काठावर कुणीतरी विचारलेला एक प्रश्न बरेच दिवस डोक्यातून जात नाही. पाण्यातून वर आलेले वायतुऱ्याचे जांभळट गुलाबी दुहेरी तुरे वाऱ्यावर हलत होते. सोबतच्या माणसाने विचारणाऱ्याला सांगितलं होतं, की ही वनस्पती जगात इतरत्र मिळत नाही, साताऱ्याच्या आसपासच्या पठारांवरच ती आहे. त्यावर तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मग जेसीबी लावून हे खड्डे थोडे खोल का करून घेत नाहीत? बारा महिने पाणी राहील, बारा महिने फूल राहील.’ विचारणारा शेतकरी घरातला असावा. दुष्काळी भागात ज्याचं तळं आटतं त्याला पाणी टिकवणं म्हणजेच पुण्य वाटतं, आणि ते वाटणं चुकीचं नाही. म्हणूनच त्याला उडवून लावणारं उत्तर देता येत नाही. त्याचा प्रश्न सरळ होता आणि उत्तरासाठी वायतुऱ्याचं अख्खं वर्ष उलगडावं लागतं, पावसाळ्याचे चार महिने तर खरेच, पण त्याहून जास्त उरलेले आठ.

वायतुरा म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस. शास्त्रीय नावातच सातारा आहे, कारण ही वनस्पती विज्ञानाला माहीत झाली ती इथूनच, तीही अगदी अलीकडे, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला. ज्या पठारावर लोक पिढ्यानपिढ्या म्हशी चारत होते, तिथल्या पाण्यात उगवणाऱ्या या झाडाला वनस्पतिशास्त्रात नाव मिळायला इतका उशीर झाला. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत ती संकटग्रस्त आहे. पाण्याखाली चिखलात एक छोटा कंद, त्यातून निघालेली लांबट पानं, काही बुडालेली, काही पृष्ठभागावर पसरलेली, आणि पाण्याच्या वर आलेल्या दांड्याच्या टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखे फाकलेले दोन तुरे. कळी असताना हा तुरा एका पातळ आवरणात मिटलेला असतो. पाण्यातून वर येता येता ते आवरण गळून पडतं आणि दोन्ही फांद्या वेगळ्या होतात. तुऱ्यावरची एकेक फुलं इतकी बारीक असतात, की लांबून पाहणाऱ्याला नुसता रंग दिसतो. गुडघे टेकून, चेहरा पाण्याजवळ नेऊन पाहिलं की मग त्या रंगाची फुलं होतात आणि त्यांच्यावर फिरणाऱ्या माश्याही दिसू लागतात.

पण वायतुरा समजून घ्यायचा तर फुलाकडून नजर काढून खालच्या दगडाकडे वळवावी लागते. समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटरवरचं हे पठार म्हणजे काळ्या बेसॉल्टवर चढलेला जांभ्याचा थर. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं विरघळणारं सगळं धुवून नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं आणि त्याचा हा कडक, लालसर पृष्ठभाग तयार झाला. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. झाडं उभी राहत नाहीत, त्यामुळे सावली नाही. पाऊस पडतो तेव्हा पाणी आडवं पसरतं, कातळाच्या खळग्यांत साचतं, काठावरून ओघळून पुढच्या खळग्यात जातं. खळग्यांची खोली चार बोटांपासून मांडीपर्यंत कितीही असू शकते आणि प्रत्येक खोलीला तिची स्वतःची वस्ती असते. काठावर, जिथे माती नुसती ओली राहते, तिथे गेंदाच्या फुलांची पांढरी बटणं आणि सीतेची आसवं नावाच्या फुलांचा निळा जांभळा पट्टा. थोडं खाली, जिथे घोटा बुडतो, तिथे बारीक पानांच्या पाणवनस्पती आणि गवतासारखं दिसणारं पण नेच्यांच्या गोतावळ्यातलं आयसोएटिस. त्याच्याही आत, जिथे चिखल साठायला जागा आहे आणि पाणी पावसाळाभर हटत नाही, तिथे वायतुरा. पाण्याची पातळी चार बोटं वरखाली झाली, तर हा सगळा पट्टा सरकतो. वायतुऱ्याला सरकायला जागा नसते, कारण पुढे उघडा कातळ असतो.

आणि हे सगळं ऑक्टोबरनंतर आटून जातं.

जूनमध्ये पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की तडकलेला चिखल फुगून मऊ होतो आणि कंदाला पानं फुटतात. सुरुवातीची पानं पाण्याखालीच राहतात. जुलैत पठार सतत ढगात असतं, ऊन क्वचितच दिसतं, पाणी गार आणि जवळजवळ कसहीन असतं. आकाशातून पडलेलं, कातळावरून धावत आलेलं हे पाणी मृदू असतं, त्यात क्षार नाममात्र. बाकीच्या वनस्पतींना ही उपासमार वाटावी, वायतुऱ्याच्या मात्र ती सवयीची आहे. त्या थोडक्या अन्नावर तो पानं वाढवतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुरे वर काढतो. फळं धरली की त्यातलं बी पिकून पाण्यात सुटतं. या कुळातलं बी सहसा थोडा वेळ तरंगतं, वाऱ्याने किंवा ओघाने काही हात पुढे जातं आणि बुडतं. आणि इथे या वनस्पतीच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट येते. गवताचं किंवा तेरड्याचं बी उन्हाळाभर मातीत झोपून राहू शकतं. वायतुऱ्याच्या कुळातलं बी सहसा तसं नसतं. त्याच्यात साठवणीचा वेगळा बलक नसतो, झोप नसते. ते वाळलं तर मरतं, ओलं राहिलं तर लगेच रुजतं. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बुडालेल्या बीला पाणी आटायच्या आत रोप व्हायचं असतं आणि त्या रोपाला स्वतःचा इवलासा कंद करायचा असतो. हाताशी असतात थोडे आठवडे. पावसाने सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पाठ फिरवली तर त्या वर्षीची सगळी पोरं गेली. जुने कंद पुढच्या जूनमध्ये पुन्हा फुटतात, तुरे तितकेच दिसतात, फोटोही तितकेच सुंदर येतात, आणि तोटा कुणाच्याच लक्षात येत नाही. अशी तीन-चार वर्षं लागोपाठ गेली तरी डबकं भरलेलंच दिसेल, फक्त त्यातली सगळी झाडं म्हातारी असतील.

आता त्या जेसीबीच्या प्रश्नाकडे येता येतं. खड्डा खोल केला तर पहिली गोष्ट ही होते, की तळाचा चिखल, म्हणजे कंद ज्यात आहेत तो थर, सगळ्यात आधी उचलून बाहेर फेकला जातो. यंत्राला चिखल आणि कंद यांतला फरक कळत नाही. दुसरी गोष्ट, कातळाला धक्का बसला की त्यात चिरा पडतात. पुष्कळदा असा ‘सुधारलेला’ खड्डा आधीपेक्षा लवकर रिकामा होतो, कारण पाणी चिरांतून खाली निघून जातं. मग सिमेंटने चिरा बुजवल्या जातात, त्यातला चुना पाण्यात उतरतो आणि त्या मृदू पाण्याचा स्वभावच बदलतो. पण समजा सगळं नीट जमलं, खड्डा खोल झाला, गळला नाही आणि बारा महिने पाणी टिकलं. तरीही वायतुरा हरतो. कायमच्या पाण्यात पाणकणीस येतं, लव्हाळा येतो, उंच वाढतो आणि सावली करतो. उन्हाळ्यात पाणी आटत होतं म्हणूनच तर ही दांडगी मंडळी इथे टिकत नव्हती. मग कुणीतरी डासांसाठी गप्पी मासे आणून सोडतं. मासे डासांच्या अळ्या खातात, तसेच शेवाळ खाणारे पाण्यातले बारीक जीवही खातात, आणि पाणी हिरवं होऊ लागतं. ज्या पाण्यात तळाचा चिखल वरून दिसायचा, त्यात वीतभर खालचं दिसेनासं होतं. बुडालेल्या पानांना प्रकाश मिळत नाही. दरवर्षीच्या कोरड्या महिन्यांत तळाचा पाचोळा उन्हात करपून, वाऱ्याने उडून जायचा, तो आता पाण्यात कुजत साठतो. वायतुऱ्याचे वैरी उन्हाळा मारत होता. आपण उन्हाळाच काढून टाकला.

हे सांगताना एक अस्वस्थपणा राहतोच. पठाराच्या खालच्या गावांना पाणी हवं आहे, सातारा शहराला कासच्या तलावाचं पाणी जातं, त्या तलावाची उंचीही वाढवली गेली. पाण्याची गरज खरी आहे. पण पठाराच्या माथ्यावरच्या चार इंची डबक्यांतून कुणाचीच तहान भागत नाही, आणि तरीही जलसंधारणाच्या नावाखाली खोदायला तीच सोपी जागा म्हणून डोळ्यांसमोर येतात, कारण नकाशावर ती ‘पडीक’ असतात. सातबाऱ्यावर पोटखराबा. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिथे काही आहे, हे कागदाला पटवणं फार कठीण. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या त्या अशाच मोकळ्या जागा म्हणून. चक्कीचा पाया फार जागा खात नाही, तिच्यापर्यंत जाणारा रस्ता खातो. मुरूम टाकून उंच केलेला रस्ता पठारावरून आडवा गेला, की वरच्या बाजूला पाणी तुंबतं आणि खालच्या बाजूचे खळगे उपाशी राहतात. पाऊस तितकाच पडलेला असतो. शिवाय मुरमाची बारीक माती दर पावसात वाहून खळग्यांत उतरते, पानांवर बसते आणि दोन-तीन पावसाळ्यांत कंदावर इतका थर चढतो, की कोवळा कोंब वर येता येताच संपतो. गाडीच्या एका चाकोरीनेसुद्धा हे होतं. ओल्या पठारावर एखादी जीप खळग्याच्या काठावरून गेली की काठ फुटतो आणि चाकोरीतून पाणी निसटतं. तो खळगा मग ऑक्टोबरऐवजी सप्टेंबरमध्येच आटू लागतो, आणि बीला लागणारे नेमके तेच आठवडे जातात.

म्हशींचं मात्र कोडं आहे.

कासला 2012 मध्ये, पश्चिम घाटातल्या 39 जागांपैकी एक म्हणून, जागतिक वारशाचा मान मिळाला. नंतर गर्दी वाढली, कुंपण आलं, चराई थांबली. मग गवत उंच झालं आणि फुलं घटली अशी तक्रार आसपासच्या गावांतून होऊ लागली. पुढे ते कुंपण काढलंही. हा वाद कानांवर पडतो तेव्हा दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. म्हैस डबक्यात बसते तेव्हा कंद उखडतात, पानं तुडवली जातात, शेणाने पाण्यात खत मिसळतं आणि शेवाळ माजतं. हे डोळ्यांना दिसतं. पण तीच म्हैस काठाचं दांडगं गवत खाऊन कमी ठेवते, चिखल ढवळते, आणि उखडलेला एखादा कंद दुसऱ्या कोपऱ्यात रुजतो. हे पाहायला वेळ लागतो. शेवटी प्रश्न किती म्हशी आणि कोणत्या महिन्यात, एवढ्यावर येतो. तुरे वर असताना आणि बी सुटत असताना, म्हणजे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, वायतुऱ्याच्या निवडक खळग्यांपासून गुरं दूर राहिली आणि उरलेल्या काळात फिरली, तर दोघांचं भागेल असं मला वाटतं. त्यासाठी पठारभर लोखंडी जाळी नको. कोणत्या खळग्यात वायतुरा आहे हे गुराख्याला आपल्यापेक्षा नीट माहीत असतं, त्याच्याशी बोललं तरी पुष्कळ.

माणसांच्या गर्दीचं गणित वेगळं आहे. फुलांचा हंगाम म्हणून लोक येतात ते बहुतेक सप्टेंबरमध्ये, तेरड्याचे गुलाबी आणि सोनकीचे पिवळे गालिचे बघायला. तोवर वायतुऱ्याचा ऐन बहर सरत आलेला असतो, उरलेले तुरे फळांवर आलेले, रंग उतरलेले. त्यामुळे त्याची ओळख नसलेला माणूस नेमका बी धरलेल्या खळग्यात बूट धुतो. तुरा खुडण्यापेक्षा हे वाईट. खुडलेल्या तुऱ्याने त्या वर्षीचं थोडं बी जातं, कंद शाबूत राहतो. पण पाय खाली रुतला की चिखलात नुकती रुजलेली दोन पानांची रोपं दिसतही नाहीत आणि मोडतात. बुटांच्या तळव्यातून खालच्या शेतातलं तण वर येतं ते वेगळंच. आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या इथली वर्दळ सांभाळतात, दिवसाची प्रवेशसंख्या ठरलेली असते. त्यात एक साधी सूचना घालता येईल. कातळावरून चला, पाण्यातून नाही. कातळाला पावलांनी काही होत नाही.

घाट उतरून कोकणात गेलं की हाच जांभा सडा होतो, उंची कमी, ऊन जास्त. तिथल्या खळग्यांत वायतुऱ्याची भावंडं आहेत. डच अभ्यासक व्हान ब्रुगेन यांचं नाव दिलेलं अपोनोजेटॉन ब्रुगेनाय कोकणातलं. सिंधुदुर्गातल्या अपोनोजेटॉन नटेशीचं तर 2015 मध्ये बारसं झालं. घाटमाथ्यावर पर्यटक आणि रस्ते यांचा ताण आहे, सड्यावर चिरेखाणींचा. घर बांधायला चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, लागतो, तो सड्यातूनच निघतो, आणि चिरा काढलेल्या खाणीत पावसाचं पाणी भरतं तेव्हा ती वरून सुंदर तळ्यासारखी दिसते. पण उभ्या कापलेल्या भिंती, खोल पाणी, तळाला माती नाही, काठाला उतार नाही. गेंद नाही, सीतेची आसवं नाहीत, वायतुरा तर नाहीच. खोल केलेला खड्डा काय देतो याचं उत्तर ज्याला डोळ्यांनी बघायचं आहे त्याने जुनी चिरेखाण पाहावी. कोल्हापूरकडच्या पठारांवर बॉक्साइटसाठी जांभ्याचा अख्खा थरच काढला गेला. वर माती टाकून झाडं लावली की खाणीची भरपाई झाली असं मानतात, आणि नेमकी झाडं ही या कातळावर कधी नसलेली गोष्ट. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पठारांना उजाड माळ न म्हणता स्वतंत्र अधिवास म्हणून ओळखावं, हे गेली कित्येक वर्षं पोटतिडकीने मांडलं आहे.

मग हाताशी काही वाचवून ठेवायचं म्हटलं तर? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या अपोनोजेटॉनांवर काम केलं, जिवंत झाडं बागेत सांभाळली. वायतुऱ्याला नाव देणाऱ्यांपैकी ते एक. असं काम परवानगीनेच करायचं असतं, राखीव वनातून एक पानही उचलता येत नाही, आणि ते योग्य आहे. पण परवाना असलेल्या रोपवाटिकेतसुद्धा वायतुरा सहज मरतो, आणि मरतो तो बहुधा लाडाने. फळं तोडून कागदाच्या पाकिटात ठेवली की बी वाळून संपतं. ती डबक्याच्याच पाण्यात, बाटलीत, सावलीत आणावी लागतात आणि शक्यतो त्याच दिवशी पेरावी लागतात. पसरट ट्रेमध्ये दोन इंच चाळलेली जांभ्याची माती, वर इंचभर पावसाचं पाणी. बी पुरायचं नाही, पाण्यावर सोडायचं, ते आपोआप बुडतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि बोअरच्या पाण्यातले क्षार दोन्ही नकोत. शेणखत, गांडूळखत, कसलंही खत नको, नाहीतर आठवड्यात दोरासारखं शेवाळ चढून रोपं गुदमरतात. आलंच तर काडीला गुंडाळून हळू ओढायचं, औषध घालायचं नाही. रोपं वाढू लागली की पाणी तीन-चार इंचांपर्यंत चढवायचं. खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये. हिरवीगार पानं बघून पाणी कमी करायला हात धजत नाही, पण तेव्हाच रोज थोडं थोडं उतरवायला हवं. पानं पिवळी पडतील, त्यांना कापायचं नाही, त्यांच्यातलं अन्न कंदात उतरत असतं. नंतर ट्रे सावलीत ठेवून दहा-बारा दिवसांतून एकदा पाण्याचा हलका फवारा, वरची माती भेगाळलेली दिसली तरी तळाशी जेमतेम ओल राहील इतकाच. प्लास्टिकने झाकलं तर कंद सडतो, पूर्ण भाजलं तर सुकतो. लहान कंदाला साठवण कमी, म्हणून पहिला उन्हाळा सगळ्यात अवघड. आणि जगलेली रोपं परत नेताना ज्या पठाराचं बी त्याच पठारावर, जमल्यास त्याच खळग्यात. एका पठाराचे कंद दुसऱ्यावर टाकून संख्या वाढवणं म्हणजे वेगवेगळ्या जागांनी घडवलेले भेद एकत्र कालवून टाकणं.

रोपवाटिका विम्यासारखी आहे, खरी राखण पठारावरच. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. खळगा ठरवायचा, त्याच्या काठावरच्या दगडावर खूण करायची, एका पट्टीने सर्वांत खोल जागेची खोली पावसाळाभर दर आठवड्याला सेंटिमीटरमध्ये लिहायची. एक मीटरच्या चौकटीत पानं मोजू नयेत, ती एकमेकांत गुंततात. तुरे मोजावेत, आणि सप्टेंबरअखेर पाणी निवळ असताना तळाची दोन-तीन पानांची रोपं वेगळी मोजावीत. तुरे आणि रोपं हे दोन आकडे शेजारी ठेवले की खळगा तरुण आहे की म्हातारा ते कळतं. अचूक ठिकाणं समाजमाध्यमांवर टाकू नयेत, मत्स्यालयासाठी कंद उपटणारेही तेच वाचतात. आणि एक फेरी मे महिन्यात करावी. तेव्हा पठार तांबडं, रिकामं असतं, बघण्यासारखं काही नाही म्हणून कुणी फिरकत नाही, पण काठ कुठे फुटला आहे, चाकोरी कुठे पडली आहे, मुरमाचा थर किती बोटं चढला आहे हे पाणी नसतानाच दिसतं. फुटलेला काठ तिथल्याच जांभ्याच्या तुकड्यांनी आणि मातीने बुजवता येतो, सिमेंट न वापरता, पहिल्या पावसाच्या आत. रस्त्याच्या मोरीचा तळ खळग्याच्या नैसर्गिक काठाहून खाली असेल तर पाणी तिथून पळतं. मोरीच्या तोंडाशी दगड रचून तो काठाच्या पातळीला आणावा लागतो, त्याहून वर नाही, नाहीतर वरच्या बाजूचे गेंद बुडतात. ही कामं बांधकाम खात्याच्या माणसाला मे महिन्यात जागेवर नेऊन, पट्टी लावून दाखवावी लागतात. जूनमध्ये तिथे पाणी असतं आणि पातळीतला फरक डोळ्यांना दिसत नाही.